चंद्रावरच्या धोबिणीला हरकत

दातवाल्यांनी नोटीस फाडली हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. का फाडली, हे मात्र कोणी विचारत नाही. फाडणाऱ्याकडे बोट दाखवायला सगळे पुढे, आणि ज्यांनी फाडायला लावली ते जिन्यात उभे राहून "काय हो, शिकलीसवरलेली माणसं" म्हणायला मोकळे. म्हणून ही हकीकत पहिल्यापासून सांगायला हवी. ती दातवाल्यांच्या बाजूने सांगितली जाईल, कारण दुसऱ्या बाजूने सांगायला अख्खं रहिवासी मंडळ बसलेलं आहे.

दातवाले कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात, आणि तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत दातवाले त्यांवरून दात उभे करतात. खोलीभर प्लास्टरची भुकटी, टेबलावर गुलाबी मेण, खिडकीपाशी घासायचं चाक. दिवसभर त्यांच्यासमोर कोणाचं ना कोणाचं हसू पडलेलं असतं, आणि त्यांना स्वतःला मात्र हसू येत नाही. त्यांना राग येतो. पेपर उशिरा आला की येतो, वेळेवर आला तर आतल्या बातम्यांचा येतो. बायको म्हणते, यांचा राग म्हणजे घरातलं एक माणूसच आहे, त्याचंही पान मांडावं लागतं.

आता मूळ मुद्दा. तळमजल्यावर टपालाच्या पेट्यांशेजारी एक फलक आहे. त्यावर मंडळाने 'माझी आवड' नावाचं सदर सुरू केलं. दर महिन्याला एका रहिवाशाने आपल्या आवडीच्या चार गोष्टी इतरांना सुचवायच्या. पहिल्या महिन्यात वकीलबाईंनी ऊन न मिळताही जगणारी झाडं सुचवली. लोकांनी ती आणली आणि ती मेली. दुसऱ्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी गाढ झोपेचे उपाय सुचवले, आणि ते वाचतानाच लोकांना जांभया यायला लागल्यामुळे सदर यशस्वी झालं असं मंडळाने जाहीर केलं.

तिसऱ्या महिन्यात कोणी मिळेना. तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी आपली वरची कवळी ढिली झाली म्हणून दातवाल्यांकडे आले होते. तोंड उघडं ठेवून बसण्याचा कंटाळा आला म्हणून मध्येच त्यांनी विचारलं, "दातवाले, तुम्ही काम करताना सारखं काय गुणगुणता हो?"

असं कोणीतरी विचारावं म्हणून दातवाले अर्धं आयुष्य थांबले होते. त्यांनी हातातली कवळी खाली ठेवली.

"गाणी," ते म्हणाले. "अवकाशातली. यंत्रांची, राक्षसांची, ड्रॅगनची. लोकगीतं आहेत ती."

"ड्रॅगनची लोकगीतं?" सेक्रेटरींनी दात नसलेल्या तोंडाने विचारलं. "मग चार सुचवा की फलकासाठी. छोटंसं काम आहे. अर्ध्या तासात होईल."

छोटंसं काम आहे असं जो म्हणतो तो ते काम कधीच करणार नसतो, हे दातवाल्यांना कळायला हवं होतं. पण माणूस खूश झाला की त्याची अक्कल गहाण पडते.

ही गाणी कुठली, ते सांगायला हवं. दातवाले आणि त्यांची ताई तरुणपणी एका आकाशनिरीक्षण मंडळात जात. एका शाळेच्या गच्चीवर एक दुर्बीण होती आणि तिच्याभोवती दहा-पंधरा हौशी माणसं. आकाश निरखण्याची या मंडळींना भारी हौस, आणि आकाशाला ढगांची त्याहून जास्त. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून गाणी सुरू झाली. ती कोणी रचली हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण ज्याला जे सुचेल ते तो जोडत असे. नियम दोनच होते. एक म्हणजे, पहिली ओळ ज्याने म्हटली त्याने दुसरी म्हणायची नाही, ती दुसऱ्याने म्हणायची. आणि दुसरा, आलेली ओळ नाकारायची नाही. मग ती कितीही वाईट असो.

पुढे मंडळी पांगली. कोणी गावं बदलली, कोणी जगच सोडलं. उरले दातवाले आणि ताई. गेल्या वर्षी ताई लेकीकडे राहायला गेली, खूप लांब. फोन होतो रोज, पण फोनवर गाणं जमत नाही. दातवाल्यांनी पहिली ओळ म्हणावी, आणि ताईची दुसरी ओळ एवढी उशिरा पोचावी की तोवर दातवाले तिसरीवर. मग दोघांचाही गोंधळ, मग दोघांनाही राग, कारण राग हा त्या घराण्यातच आहे. शेवटी गाणं सोडून ते गुडघ्यांविषयी बोलतात.

म्हणजे दातवाल्यांजवळ डोकंभर गाणी होती आणि दुसरी ओळ म्हणायला जगात एक माणूस नव्हतं. एकट्याने दोन्ही ओळी म्हणायच्या म्हणजे स्वतःच पत्र लिहून स्वतःच्याच पेटीत टाकायचं. त्यांना एवढंच हवं होतं की या इमारतीतल्या निदान एका माणसाने फलक वाचावा, त्याला एखादं गाणं आवडावं, आणि त्याने जिन्यात गाठून विचारावं, "चाल कशी आहे हो याची?" बाकीचं दातवाल्यांनी पाहून घेतलं असतं.

चार गाणी निवडताना त्यांच्या जिवाची जी ओढाताण झाली ती मुलीसाठी स्थळ बघतानाही होत नसेल. शेवटी ठरली. झोपी जायला तयार नसलेल्या यंत्राचं अंगाईगीत, 'झोप रे यंत्रा, मीट रे दिवे'. कालयंत्रात बसून चुकून सासूच्याच लग्नात जेवायला पोचलेल्या जावयाचं गाणं. कचेरीतल्या ड्रॅगनचं:

ड्रॅगन आला कचेरीत गं, रांगेत जाऊन बसला गं
साहेब म्हणाले, 'अर्ज आणा', ड्रॅगन नुसता हसला गं

पुढच्या कडव्यात कचेरी नसते. आणि सगळ्यात वर, सगळ्यात लाडकं, चंद्रावरच्या धोबिणीचं:

चंद्रावरची धोबीण गं, दोरी बांधते ताऱ्याला
धुणं टाकून हाक मारते न आलेल्या वाऱ्याला

दातवाल्यांनी हे बायकोला वाचून दाखवलं. ती बालदीत चादरी भिजवत होती.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"तिला तिथे कपडे कोणाचे असतात?"

"अवकाशयात्र्यांचे."

"सगळे तिच्या एकटीच्या अंगावर?" बायको म्हणाली. "ती चंद्रावर धुते तर तिच्यावर गाणं. मी इथे धुते, मला कोणी गाण्यात घातलं का?"

"अगं, हे काल्पनिक आहे."

"हो ना. माझं तेवढं खरं आहे," असं म्हणून तिने चादर पिळली. दातवाल्यांना राग आला, पण नेमका कशाचा ते सापडेना, म्हणून त्यांनी तो राखून ठेवला.

कागद घेऊन ते सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींनी चष्मा लावला, नव्याने घट्ट बसवलेली कवळी जिभेने चाचपली आणि एक छापील तक्ता पुढे केला. मंडळाच्या फलकावर काही लावायचं तर हा भरावा लागतो. गाण्याचं नाव. गायक. गीतकार.

"गीतकार कोणी नाही," दातवाले म्हणाले.

"असं कसं? गाणं आहे म्हणजे कोणीतरी लिहिलंच असेल."

"सगळ्यांनी मिळून लिहिलंय. लोकगीत आहे."

"मग सगळ्यांची नावं लिहा. आणि त्यांची हरकत नसल्याच्या सह्या आणा."

"त्यातले निम्मे वर गेलेत."

सेक्रेटरींनी छताकडे पाहिलं. "वरच्या मजल्यावर? मग आणा की आजच."

"त्याच्याही वर," दातवाले म्हणाले.

सेक्रेटरी जरा ओशाळले, पण नियम ओशाळत नसतो. मयताच्या बाबतीत वारसाची सही चालते, असं त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं. दातवाल्यांनी विचारलं, पण कोणती ओळ कोणाची हे माहीत नसताना कोणत्या वारसाला गाठू? त्यावर सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे मालकीच संशयास्पद आहे, हे तर जास्तच गंभीर झालं. मग म्हणाले, एक मार्ग आहे. हे गाणं कोणीही लिहिलेलं नाही असं दोन जबाबदार व्यक्तींनी लिहून द्यायचं. एक शास्त्राच्या बाजूने, एक कायद्याच्या. आपल्याच इमारतीत सर आहेत आणि वकीलबाई आहेत. पाच मिनिटांचं काम.

सर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नाही, त्यामुळे कोणी घरी आलं की ते दार लावून घेतात. त्यांनी धोबिणीच्या दोन ओळी तीनदा वाचल्या आणि लाल पेन काढलं.

"दातवाले, चंद्रावर वातावरण नाही. म्हणजे वारा नाही."

"म्हणूनच तर तो येत नाही सर. 'न आलेल्या वाऱ्याला' असं आहे बघा."

"न आलेला म्हणजे येऊ शकणारा, पण आज न आलेला. मुलांचा गैरसमज होईल. आणि हाक मारते म्हणता. हवा नाही तिथे आवाज जाईल कसा?"

"जात नाही ना. बिचारी हाका मारते आणि कोणाला ऐकू जात नाही. तेच तर गाणं आहे."

"मग मारतेच कशाला? अशास्त्रीय वर्तन आहे हे."

दातवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांना सांगायचं होतं की सर, ऐकू जात नाही हे माहीत असूनही माणूस हाका मारतो, मी स्वतः गेलं वर्षभर मारतोय. पण हे बोलता आलं नाही. असलं काही बोलायची वेळ आली की त्यांच्या तोंडून फक्त आवाज चढतो. "तुम्ही चहा पिता तेव्हा कपाला वस्तुमान विचारता का?" असं काहीतरी ते ओरडले. त्याचा अर्थ त्यांनाही नीट लागला नाही. सरांनी मात्र त्याचं उत्तर सविस्तर दिलं.

वकीलबाईंकडे त्याहून वाईट. बाई स्वभावाने गोड, पण त्यांना प्रत्येक वाक्यात खटला दिसतो. कचेरीतल्या ड्रॅगनचं वाचून त्या गंभीर झाल्या. कचेरी म्हणजे कुठली कचेरी, हे स्पष्ट नाही. तेव्हा जगातली कुठलीही कचेरी अंगावर घेऊ शकते. जावयाच्या गाण्यात तर भलतीच गुंतागुंत. जावई सासूच्या लग्नाला हजर असेल तर त्याचं स्वतःचं लग्न तेव्हा झालेलं होतं की नव्हतं? नसेल, तर तो जावई नाही आणि जेवण त्याने फसवणूक करून घेतलं.

"वकीलबाई, तो कालयंत्रातून आलाय."

"तसा पुरावा गाण्यात कुठे आहे?" बाई म्हणाल्या. "आणि दातवाले, रागावू नका, तुमच्या भल्यासाठीच सांगते. यंत्राला झोपवू नका. यंत्र बंद पाडण्याचा सल्ला दिला असा अर्थ निघतो. उद्या कोणाची लिफ्ट अडकली तर तुमच्यावर येईल."

तोवर जिन्यात बातमी पसरली होती. येणारा-जाणारा सल्ला देत होता. कोणी म्हणे ड्रॅगनऐवजी ससा घाला, मुलांना आवडतो. कोणी म्हणे धोबिणीऐवजी परी करा, म्हणजे कपड्यांचा प्रश्नच मिटला. ज्यांनी एकही गाणं वाचलं नव्हतं त्यांची मतं सगळ्यात ठाम होती. दातवाले रोज संध्याकाळी ताईला फोनवर हे सगळं सांगत.

"तू नाद सोड," ताई एकदा म्हणाली. "त्यांना नाही कळायचं ते."

"का नाही कळायचं? तुला-मला कळलं ना?"

पलीकडे नेहमीसारखी शांतता पसरली. ती फोनची होती की ताईची, ते कळायला वाट बघावी लागे. मग ताई म्हणाली, "आपल्याला कोणी समजावलं नव्हतं रे. आपण नुसते तिथे होतो." दातवाले चिडून म्हणाले, "मग मी यांना गच्चीवर कोंडून घालू का?" आणि फोन ठेवून दिला. नंतर त्यांना वाईट वाटलं, म्हणून परत लावला आणि गुडघ्यांची चौकशी केली.

शेवटी एका सकाळी फलकावर कागद झळकला. दातवाले प्लास्टरने माखलेल्या हातांनी धावत गेले. वर ठळक अक्षरांत 'दातवाल्यांची आवड', आणि खाली हे:

'चंद्रावरील वस्त्रस्वच्छता. सूचना: चंद्रावर वारा नसल्याने सदर गीतातील कृती करून पाहू नये.'

'ड्रॅगन आला गोदामात. गोदाम काल्पनिक आहे. ड्रॅगन हसला नाही.'

'जाग रे यंत्रा.'

जावई पूर्णच गायब होता. त्याच्या जागी मंडळाने आपल्या मनाने 'वेळेवर भरा देखभाल शुल्क' नावाची कविता घातली होती, आणि ती सेक्रेटरींनी स्वतः केली होती. तिला मात्र कोणाची सही लागली नव्हती. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही गाणी रहिवाशांनी आपापल्या जबाबदारीवर गुणगुणावीत.

आता सांगा, फाडणार नाही तर काय करणार? तुमच्या आईच्या फोटोला कोणी मिशा काढल्या तर तुम्ही त्या दुरुस्त्या म्हणून मान्य कराल का? दातवाल्यांनी तो कागद फलकावरून ओढला, फाडला, चुरगळला, आणि तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून खोलीत नेऊन प्लास्टरच्या घमेल्यात बुडवला. वर आपल्या हातांचे पांढरे ठसे फलकावर तसेच ठेवून आले. त्यामुळे गुन्हेगार शोधायला मंडळाला फारसं डोकं चालवावं लागलं नाही.

रविवारी सकाळी तातडीची सभा. तळमजल्याच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळे मजले हजर. पाणी येत नाही तेव्हा सभेला चार डोकी जमतात, पण एखाद्याची फजिती असली की बसायला जागा पुरत नाही. पुढे टेबलाशी सेक्रेटरी, त्यांच्या बाजूला सर आणि वकीलबाई. दातवाल्यांची बायको मागे बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. मंडळाच्या मालमत्तेचं नुकसान, सदस्याची वागणूक, वगैरे झालं. मग म्हणाले, "दातवाल्यांनी झाल्या प्रकाराबद्दल सभेची माफी मागावी. एवढंच."

दातवाले उठले. त्यांनी आदल्या रात्री भाषण तयार केलं होतं. त्यात लोकसाहित्य होतं, कल्पनाशक्ती होती, समाजाची अधोगती तर दोन ठिकाणी होती. पण समोर ती सगळी तोंडं बघितली आणि त्यांचा असा संताप झाला की भाषण गेलं डोक्यातून. या माणसांनी एवढा काथ्याकूट केला, वारा तपासला, कचेरी तपासली, आणि चाल कशी आहे हे एकानेही विचारलं नव्हतं.

"माफी नंतर," ते म्हणाले. "आधी ऐका." आणि भर सभेत, जबडा ताठ करून, त्यांनी खड्या आवाजात पहिली ओळ म्हटली.

"चंद्रावरची धोबीण गं, दोरी बांधते ताऱ्याला..."

आणि थांबले. नियमच होता तसा. दुसरी ओळ आपण म्हणायची नाही.

सभा गप्प. कोणीतरी खुर्ची सरकवली. सरांनी छताकडे पाहिलं. दातवाल्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी पुन्हा म्हटली, जास्त मोठ्याने. माणसाने उभं राहून हात पुढे करावा आणि समोरच्याने तो धरू नये, तसे ते उभे होते. आता खाली बसावं आणि पुन्हा आयुष्यात गुणगुणूसुद्धा नये असं त्यांना वाटलं. पण राग मोठा विचित्र असतो, तो बसू देत नाही. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटली, सेक्रेटरींच्या तोंडावर, टेबलावर हाताने ठेका धरून.

सेक्रेटरी ताडकन उठले. चेहरा लालबुंद. त्यांना फक्त ओरडायचं होतं. पण तीनदा कानांवर आदळलेली चाल आणि टेबलावरचा तो ठेका. त्यांचं ओरडणंच त्यात सापडलं.

"नोटीस फाडून वर तोंड करतो, लाज नाही म्हाताऱ्याला!"

अचूक. लयीत, यमकात, समेवर. ज्या दातांतून ती ओळ बाहेर पडली ते दातही दातवाल्यांनीच बसवलेले होते, त्यामुळे उच्चार अगदी स्वच्छ आले. सेक्रेटरी स्वतःच दचकले. त्यांनी तोंडावर हात ठेवला. आणि मग सगळी सभा हसली. खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसली.

दातवाल्यांना म्हातारा म्हटलेलं अजिबात खपत नाही. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडात सणसणीत उत्तर आलं होतं, आणि ते गिळावं लागलं, कारण आलेली ओळ नाकारायची नाही. गच्चीवरच्या त्या सगळ्या माणसांच्या साक्षीने मान्य केलेला नियम. वर्षभरानंतर त्यांना दुसरी ओळ मिळाली होती, आणि ती ही होती.

त्यानंतर सभेला चेव चढला. अंगाचं पाणी पाणी होईपर्यंत दातवाल्यांना ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या मजल्यावरून ओळ आली, "जगाला देतो नवीन दात, स्वतः दातओठ खातो गं," आणि तिला उत्तर दिलं ते चक्क वकीलबाईंनी, "शेजाऱ्यांच्या कानांचा बाई रोज पंचनामा होतो गं." सरांनी हात वर करून परवानगी मागितली आणि चंद्राच्या गुरुत्वाकर्षणावर एक संपूर्ण कडवं म्हटलं. ते शास्त्रशुद्ध होतं आणि त्यात लय नावाची गोष्ट नव्हती. तेही नाकारता आलं नाही. दातवाले मध्ये उभे राहून नुसते धुमसत होते. आपलं लाडकं गाणं असं धसमुसळ्या हातांनी लोक उचलून नेतायत हे त्यांना बघवत नव्हतं, आणि डोळे मिटून घेणंही जमत नव्हतं.

मग मागून, बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला. वरचा नाही, मोठा नाही, पण चालीत पक्का. वर्षानुवर्षं कानांवर पडल्याशिवाय ती चाल इतकी पक्की बसत नाही.

"धोबीण गेली चंद्रावरती, सुटली एकदाची बाई गं..."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दातवाल्यांची बायको मांडीवरच्या पिशवीचे बंद सरळ करत होती. ओळ म्हणून ती थांबली होती. कोणी दुसरी म्हणेना. प्रत्येकाला काहीतरी सुचलं असणार, पण ती ओळ कोणासाठी आहे हे त्या सभेत लहान पोरालाही कळलं होतं. हळूहळू सगळ्या माना दातवाल्यांकडे वळल्या.

दातवाल्यांचा राग अजून होता, पण तो आता कोणावर काढायचा तेच कळेना. त्यांनी ठेका धरला, तो एकदा चुकला, परत धरला, आणि चाचरत म्हटलं,

"घरची धोबीण घरीच राहिली, तिला चंद्रच नाही गं."

या वेळी कोणी हसलं नाही. सेक्रेटरींनी कागद गोळा केले आणि माफीचा विषय पुढच्या सभेत घ्यावा असं पुटपुटले.

सभा संपली. दातवाले आणि बायको वर घराकडे जिना चढू लागले. दातवाल्यांना वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. डोळ्यांत पाणीबिणी असेल, तर आपण तिकडे बघायचं नाही, असंही त्यांनी मनाशी ठरवलं. एक मजला झाला.

"कशी होती?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"कोण?"

"ओळ. माझी."

"लयीत होती," ती म्हणाली. "पण रडकी झाली हो. वन्सं असत्या तर हसल्या असत्या."

दातवाले जागीच थांबले. सगळ्या इमारतीसमोर पोटातलं काढून द्यायचं, आणि वर हे? नियम दोनच आहेत, त्यांतला एक आलेली ओळ नाकारायची नाही हा आहे, आणि तो ज्या घरात पाळला जात नाही त्या घरात माणसाने गावं तरी कसं?

"मग तू म्हण चांगली," ते कडाडले. कठड्यावर मूठ आपटून, जिना दणाणेल अशा आवाजात, त्यांनी तिचीच पहिली ओळ तिच्यावर फेकली. "धोबीण गेली चंद्रावरती, सुटली एकदाची बाई गं..."

बायको दोन पायऱ्या वर होती. ती वळलीसुद्धा नाही. किल्ली शोधत, पिशवीत हात घालूनच तिने म्हटलं,

"नवरा खाली ओरडत बसला, साबण सापडत नाही गं."

खालच्या जिन्यात कोणीतरी खो खो हसलं. दातवाल्यांना असा राग आला की काही विचारू नका. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण साबण घरात कुठे ठेवलेला असतो हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.